भग्नसंधानानंतर पुन्हा कड्याकडे : सुश्रुतोक्त बलप्राप्तिक्रमाचा विचार

अस्थिभग्नाच्या चिकित्सेत दोन दिवसांची नोंद कटाक्षाने ठेवली जाते. एक हाड बसविल्याचा, दुसरा बंध सोडल्याचा. रुग्ण आपल्या मूळ कर्माकडे परततो तो तिसरा दिवस मात्र कोणत्याच केसपेपरवर आढळत नाही. शेतकरी नांगराला हात घालतो, हमाल ओझे उचलतो, गिर्यारोहक कातळाला हात लावतो. त्या दिवशी त्याच्या हाडाची, स्नायूंची आणि वैद्याच्या सल्ल्याचीही खरी परीक्षा असते. प्रस्तुत लेखात आम्ही या तिसऱ्या दिवसाचा विचार करणार आहोत आणि त्यासाठी प्रस्तरारोहणाचे उदाहरण घेणार आहोत. या कर्मात मनुष्य आपला संपूर्ण देहभार कधी चार बोटांवर, तर कधी पायाच्या एका अंगठ्यावर तोलून धरतो. भग्नानंतर या कर्माला जो अवयव पुरा पडतो, तो बहुतेक अन्य कर्मांनाही पुरा पडतो. म्हणून येथे सांगितलेला क्रम इतर रुग्णांनाही उपयोगी पडावा.

हा विषय आमच्यापुढे येण्याचे कारण आमच्या गावाच्या भूगोलात आहे. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ या स्थानकांच्या मध्ये शेलू आहे. एका बाजूस चंदेरीचा सुळका, दुसऱ्या बाजूस माथेरानचे पठार आणि त्याला लागून पेबचा किल्ला. कर्जतच्या पुढे सांडशीहून ढाक बहिरीची वाट चढते, खांडसकडे पदरगडाचा अरुंद कातळमार्ग आहे, आंबिवलीवरून पेठचा कोथळीगड गाठता येतो आणि खालापूर तालुक्यात इर्शाळगडाचे सुळके उभे आहेत. शनिवार-रविवारच्या लोकलने मुंबई-ठाण्याची तरुण मंडळी मोठ्या संख्येने या परिसरात उतरतात. त्यांना वाट दाखविणारे, दोर लावणारे, सामान वाहणारे तरुण आमच्याच गावपाड्यांतील असतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून पाय घसरतो आणि हात किंवा पाय मोडतो. अस्थिशल्यतज्ज्ञ आपले काम चोख करतात. दीड-दोन महिन्यांनी प्लास्टर निघते आणि मग तो तरुण वैद्याकडे येऊन एकच प्रश्न विचारतो, ‘आता चढायला जाऊ का?’

या प्रश्नाला ‘हाड जुळले आहे, हरकत नाही’ हे उत्तर अपुरे आहे. ‘अजून सहा महिने काही करू नका’ हेही तितकेच अपुरे आहे. पहिल्या उत्तराने पुन्हा भग्न होण्याचा धोका राहतो. दुसऱ्या उत्तराने हात कायमचा दुबळा होतो, किंवा रुग्ण सल्ला धुडकावून आपल्या मनाने कड्यावर जातो. योग्य उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे आणि त्याची दिशा सुश्रुताचार्यांनी दाखवून ठेवलेली आहे.

भग्नाचे स्वरूप आणि पडण्याची रीत

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात भग्नाचे संधिमुक्त आणि कांडभग्न असे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. संधिमुक्ताचे सहा आणि कांडभग्नाचे बारा भेद वर्णिले आहेत. हे वर्गीकरण आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेले असते. त्याचा व्यवहारातील उपयोग असा, की पडण्याची रीत विचारली असता कोणते हाड तपासावे हे कळते.

घसरून पुढे पडणारा मनुष्य हात टेकतो. त्यामुळे मनगटाजवळ बहिःप्रकोष्ठास्थी मोडते, किंवा मनगटातील नौकाकृती लहान हाडाला तडा जातो. उंचावरून दोन्ही पायांवर पडणाऱ्याची टाच चूर्णित होते. अशा रुग्णाच्या टाचेबरोबर त्याचा पाठीचा कणाही तपासलाच पाहिजे, कारण तोच आघात वर चढून कटिकशेरुकांपर्यंत पोहोचतो. दोराला झोका बसून कड्यावर आपटणाऱ्याचा घोटा किंवा जंघास्थी दुखावते.

यांपैकी नौकाकृती हाडाविषयी वैद्यांनी विशेष दक्ष असावे. त्याचा रक्तपुरवठा बोटांकडील टोकातून शिरून उलट दिशेने मागे जातो. म्हणून मधोमध मोडल्यास मागील तुकड्याचे पोषण तुटते आणि संधान रेंगाळते. पहिल्या क्ष-किरण चित्रात ही भेग अनेकदा दिसतही नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरील खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर ‘मुरगळ’ म्हणून लेप लावून पाठवू नये. मनगट स्थिर करून अस्थितज्ज्ञाकडे पाठवावे आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा चित्र घेण्यास सांगावे. या हाडाचे भग्न अंगावर काढलेला गिर्यारोहक पुढे अनेक वर्षे मनगटाच्या वेदनेसह जगतो.

संधान म्हणजे बल नव्हे

हाड सम्यक् जुळले हे कसे ओळखावे, याची लक्षणे चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात दिली आहेत. अस्थी स्थानावरून ढळलेली नसावी, अंग आखूड झालेले नसावे, त्या जागी उंचवटा राहिलेला नसावा आणि आकुंचन-प्रसारणादी हालचाली सुखाने व्हाव्यात. यांतील पहिली तीन लक्षणे आज क्ष-किरण चित्रात दिसतात. चौथे लक्षण चित्रात दिसत नाही, ते रुग्णाच्या अंगावर हात ठेवूनच पाहावे लागते. आपल्या व्यवसायात उणीव राहते ती याच ठिकाणी.

कालमर्यादेविषयी त्याच अध्यायात सांगितले आहे, की बालवयात संधी एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उत्तर वयात तिप्पट काळ लागतो. आधुनिक अस्थिशास्त्राचा अनुभव याच्याशी बऱ्याच अंशी जुळतो. मनगटाजवळचे साधे भग्न प्रौढात सुमारे सहा आठवड्यांत प्लास्टरमुक्त होते. जंघास्थीला चार ते सहा महिने लागू शकतात. भग्नस्थानी प्रथम रक्ताची गुठळी, मग मऊ संधानक, मग कठीण संधानक तयार होते. शेवटी हाड पडणाऱ्या भारानुसार आपली आंतररचना नव्याने घडवून घेते. ही शेवटची अवस्था महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक काळ चालते. जर्मन शल्यविद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम हाच आहे, की हाड त्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडते. अर्थात भारच पडला नाही तर हाड घडणार नाही, आणि अकाली किंवा अति पडला तर ते मोडेल.

प्लास्टरमधील अवयवाची अवस्थाही ध्यानात घ्यावी. सहा आठवडे न हललेल्या हातातील मांसधातू डोळ्यांना दिसेल इतका क्षीण होतो, कंडरा आखडतात, सांध्यांची आवरणे घट्ट होतात आणि न मोडलेल्या शेजारच्या हाडांतूनही खनिजांश कमी होतो. वायू आणि अस्थी यांचा आश्रयाश्रयी संबंध आपण जाणतोच. आघात, वेदना, निश्चलता आणि चिंता या चारही कारणांनी वायू वाढलेला असतो. म्हणजे हाड ‘जुळले’ त्या दिवशी अवयव सर्वांत दुबळा असतो. रुग्णाचा उत्साह नेमका त्याच दिवशी सर्वाधिक असतो.

मऊ गोळा, कठीण गोळा आणि दगड

सुश्रुताचार्यांच्या भग्नचिकित्सेत एक वरकरणी विसंगती दिसते. भग्नरुग्णाच्या अपथ्यात लवण, कटू, क्षार, अम्ल, रूक्ष अन्न, ऊन आणि मैथुन यांच्याबरोबर व्यायामाचाही स्पष्ट निषेध आहे. त्याच अध्यायात तळहाताच्या भग्नासाठी मात्र व्यायामच सांगितला आहे. आधी हातात मऊ गोळा धरावा (पाठभेदाने तो शेणाचा किंवा मातीचा आहे), मग त्याहून कठीण गोळा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा. यात विरोध नाही, कालभेद आहे. संधान होईपर्यंत व्यायाम वर्ज्य आणि संधानानंतर तोच औषध. शिवाय दगड केव्हा धरावा याची अट दिवसांच्या संख्येवर बांधलेली नाही, ती बळावर बांधलेली आहे. हाताला बळ आल्याखेरीज दगड नाही.

कातळावर चढणे म्हणजे दगड धरणेच होय. म्हणून हा तीन पायऱ्यांचा क्रम आम्ही आमच्या रुग्णांसाठी जसा योजतो, तसा येथे मांडतो. मनगटाच्या भग्नाचे उदाहरण घेऊ.

पहिली पायरी मऊ गोळ्याची. अस्थितज्ज्ञाने बंध काढून हालचालीस अनुमती दिल्यानंतरच ती सुरू होते. कोमट तेलाचे हलके अभ्यंग आणि मृदू स्वेदन करून रुग्णाने स्वतःच बोटे, मनगट, कोपर आणि खांदा यांच्या हालचाली दिवसातून चार-पाच वेळा कराव्यात. भिजविलेल्या कणकेचा गोळा दाबणे, कोमट पाण्यात ओले फडके हलकेच पिळणे, ही घरगुती साधने पुरेशी आहेत. खांदा विसरू नये, झोळीत अडकलेला हात खांद्यातही आखडतो. या पायरीवर साधारण तीन-चार आठवडे जातात. मनगट दुसऱ्या हाताइतके वळू लागले आणि भग्नस्थानी बोटाने दाबल्यावर वेदना उरली नाही, म्हणजे ही पायरी संपली.

दुसरी पायरी कठीण गोळ्याची, म्हणजे भाराची. प्रथम भिंतीला तळहात टेकून देहभार झुकविणे, मग तोच भार टेबलावर आणि शेवटी जमिनीवर घेणे. पाण्याने अर्धी भरलेली कळशी उचलणे, पुढे ती पूर्ण भरणे. जाड दोर मुठीत धरून ओढणे. पाय जमिनीवर ठेवून आडव्या दांडीला हातांनी धरणे, आणि वेदना नसल्यास हळूहळू पायांवरचा भार कमी करणे. या काळात पाय, पोट आणि पाठ यांचा व्यायाम चालू ठेवावा. चांगला प्रस्तरारोहक पायांनी चढतो, हातांनी केवळ तोल सांभाळतो, हे मुरलेले गिर्यारोहक नवशिक्यांना सांगतच असतात.

तिसरी पायरी दगडाची. येथेही आतले टप्पे आहेत. आधी उताराचा, मोठ्या खोबणींचा, ओळखीचा कातळ आणि वरून लावलेला दोर. मग तोच मार्ग अधिक वेळा. मग अवघड मार्ग, पण दोर वरूनच. पुढे राहून दोर नेणे, उडी मारून पकड घेणे आणि बोटांची पेरे उंचावून बारीक कंगोऱ्याला लटकणे, या तीन गोष्टी सर्वांत शेवटी. बोटे मिटवून धरलेल्या अशा पकडीत कंडरेला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर फार मोठा ताण येतो. प्लास्टरमध्ये दुबळ्या झालेल्या बोटांत या पट्ट्या फाटण्याचा धोका असतो. मनगटाचे हाड सांभाळले आणि बोट गमावले, असे होऊ नये.

एका पायरीवरून दुसरीवर जाण्यासाठी आम्ही एक सोपा नियम देतो. आज केलेल्या श्रमाची साक्ष उद्याची सकाळ देते. सकाळी उठल्यावर सूज, वेदना किंवा ताठरपणा कालच्यापेक्षा अधिक असेल, तर एक पायरी खाली उतरावे. सारखाच असेल तर तेथेच थांबावे. कमी असेल तरच वर जावे. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, एकतर भार, नाही तर वेळ, नाही तर अवघडपणा. व्यायामाची अर्धशक्तीची मर्यादा आपल्या शास्त्रात सांगितलीच आहे. कपाळावर व काखेत घाम, मुखशोष आणि श्वास लागणे ही तिची चिन्हे सामान्य रुग्णालाही समजतात.

पायाच्या भग्नात क्रम हाच, कसोट्या वेगळ्या. न लंगडता जिना उतरता येणे, एका पायावर अर्धा मिनिट स्थिर उभे राहणे, चवड्यावर उचलले जाणे आणि शेवटी त्याच पायावर वेदनेविना उडी घेता येणे. या चारही गोष्टी साधल्याशिवाय पेबच्या शिड्यादेखील चढू नयेत. चढणीपेक्षा उतरण अधिक घातक असते, आणि आपल्या सह्याद्रीत प्रत्येक चढणीला तितकीच उतरण असते.

सर्वसाधारणपणे मनगटाचे साधे भग्न झालेला निरोगी तरुण भग्नापासून तीन महिन्यांच्या सुमारास सोप्या कातळावर आणि चार ते सहा महिन्यांत पूर्ण श्रमाकडे येऊ शकतो. नौकाकृती हाड, टाच व जंघास्थी यांना याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत, निर्णय कसोट्यांवरच घ्यावा.

धैर्य आणि काल : दोन उदाहरणे

मुंबईचे ज्येष्ठ गिर्यारोहक हरीश कपाडिया हे नाव सह्याद्रीत हिंडणाऱ्यांस अपरिचित नाही. ‘ट्रेक द सह्याद्रीज्’ हे त्यांचे पुस्तक अनेक पिढ्यांच्या पाठपिशवीत राहिले आहे. १९७४ मध्ये नंदादेवी परिसरातील देवतोळी शिखराच्या मोहिमेत सुमारे ६२०० मीटर उंचीवर ते हिमभेगेत कोसळले आणि त्यांच्या खुब्याच्या सांध्यास गंभीर इजा झाली. सोबत्यांनी त्यांना तेरा दिवस वाहून तळावर आणले आणि तेथून हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. त्यानंतर शस्त्रक्रिया आणि दोन वर्षे कुबड्या. आपल्या वर्गीकरणात कांडभग्नाइतकाच संधीचा आघातही भग्नातच मोडतो, म्हणून हे उदाहरण आपल्या विषयातीलच आहे. दोन वर्षांनंतर ते पुन्हा पर्वतात गेले आणि पुढील अनेक दशके हिमालयातील दुर्गम खोऱ्यांत हिंडत राहिले. २००३ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना पेट्रन्स पदक दिले.

दुसरे उदाहरण ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांचे. जुलै १९७७ मध्ये काराकोरममधील ओगर शिखरावरून उतरताना दोराच्या झोक्यात त्यांचे दोन्ही पाय घोट्यांच्या वर मोडले आणि सोबत्यांच्या साहाय्याने ते कित्येक दिवस गुडघ्यांवर रांगत खाली आले. मे १९७९ मध्ये ते कृत्रिम प्राणवायूविना कांचनगंगेच्या माथ्यावर होते.

या दोन्ही कथा सांगताना लोक धैर्याचे वर्णन करतात. वैद्याने त्यांतील काळ पाहावा. दोन्ही ठिकाणी परतण्यास दीर्घ काळ गेला. असामान्य सत्त्वाच्या या पुरुषांनाही अस्थिधातूने सवलत दिली नाही. ‘ते दोन महिन्यांत चढले, मग मी का नाही,’ असे म्हणणाऱ्या तरुणास हे दोन दाखले द्यावेत.

ऋतुविचार

आमच्या परिसरात एक गोष्ट रुग्णाच्या पथ्यावर पडते. भग्न बहुधा आषाढ-श्रावणात होतो. दोन महिन्यांनी बंध सुटतो तेव्हा शरद ऋतू असतो. पहिल्या दोन पायऱ्या शरदात होतात आणि दगड धरण्याची वेळ येते तेव्हा हेमंत सुरू झालेला असतो. वर्षा ऋतूत देहबळ सर्वांत कमी आणि हेमंत-शिशिरात सर्वोत्तम असते, व्यायामाची मुभाही त्याच काळात अधिक आहे. कातळ कोरडा होण्याचा काळही हाच. ऋतुचर्या पाळणाऱ्यास येथे काही वेगळे करावे लागत नाही. उलट फाल्गुन-चैत्रात भग्न झालेल्याची दगडाची वेळ ऐन पावसात येते. अशा रुग्णास दुसऱ्या पायरीवरच थोपवून धरावे आणि ओला कातळ निक्षून वर्ज्य सांगावा.

बंधाविषयीही ऋतुभेद सांगितलेला आहे. शीत काळात सात, साधारण काळात पाच आणि उष्ण काळात तीन दिवसांनी बंध बदलावा. बंध शिथिल असल्यास संधी स्थिर राहत नाही आणि अतिगाढ असल्यास शोथ, वेदना व पाक होतो, हा इशारा आजही तितकाच मोलाचा आहे. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्याने बोटे काळीनिळी पडलेला रुग्ण आला, तर तासाचाही विलंब न करता बंध सोडून त्यास रुग्णालयात धाडावे.

आहार, औषध आणि औषधालये

पथ्यात शालिषष्टिक तांदूळ, दूध, तूप, मांसरस, वाटाण्याचे यूष आणि बृंहण अन्न सांगितले आहे. आमच्याकडील घरांत तूप-दुधासह नाचणी, तीळ, उडीद, शेवग्याचा पाला आणि ताजी मासळी सहज मिळते. खारवलेली सुकी मासळी, लोणचे आणि अति आंबट पदार्थ मात्र संधानकाळात टाळावेत. तंबाखू आणि मशेरी यांविषयी स्पष्ट बोलावे. तंबाखूने संधान रेंगाळते, हे आता निर्विवाद आहे. रेंगाळलेल्या संधानात मधुमेह आणि ड-जीवनसत्त्वाची कमतरता यांची तपासणी करून घ्यावी.

औषधांत लाक्षादि गुग्गुळ, आभा गुग्गुळ, अर्जुनसिद्ध क्षीर आणि लाक्षाचूर्णयुक्त दूध यांचा उपयोग सर्वांच्या अनुभवाचा आहे. रेंगाळलेल्या प्रकृतीत तिक्तद्रव्यसिद्ध क्षीरबस्ती हा अस्थिगत विकारांतील चरकोक्त मार्ग अवलंबावा. लाक्षादि गुग्गुळातील अस्थिसंहृत म्हणजे आपली कांडवेल. तिच्यावर काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. उडुपा व डॉ. प्रसाद यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून संधानास गती मिळते असे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. ही वेल आमच्या कुंपणांवरही वाढते. ताज्या वेलीतील सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला व हाताला खाज सुटते, म्हणून ती तुपात परतून वापरावी आणि हाताळताना हातांस तेल लावावे.

औषधालयांच्या चालकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, गुग्गुळाचे झाड आययूसीएनच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले आहे आणि बाजारात अन्य डिंकांची भेसळ होते. स्वस्त मालाच्या मोहात न पडता खात्रीच्या उत्पादकाकडूनच खरेदी करावी. दोन, ‘हाड लवकर जुळविणारे’ म्हणून येणारी लेबलविरहित चूर्णे दुकानात ठेवू नयेत. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ असेल तर वेदना तत्काळ थांबते, पण तेच द्रव्य हाड पोखरते. तीन, वेदनाशामक मागणाऱ्या भग्नरुग्णास आधी विचारावे, की दुखणे विश्रांतीत आहे की चढल्यानंतर? वेदना हा पायरी ठरविणारा साक्षीदार आहे. गोळी घेऊन त्याचे तोंड बंद करून कड्यावर जाणारा गिऱ्हाईक आपल्या हिताचा नाही आणि स्वतःच्याही नाही.

चार सावधगिऱ्या

पहिली, कोपराजवळच्या भग्नात जोराचे मर्दन कधीही करू नये. आखडलेला कोपर चोळून, ओढून सरळ करण्याच्या प्रयत्नात स्नायूतच हाड तयार होते आणि सांधा कायमचा जखडतो. अभ्यंग हे स्नेहनासाठी आहे, बळाने हाड सैल करण्यासाठी नव्हे.

दुसरी, बारा ते सोळा वर्षांच्या मुलांविषयी. शहरांत कृत्रिम भिंतींवर चढण्याचा खेळ वाढला आहे आणि टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकपासून त्याचे आकर्षण अधिकच वाढले आहे. या वयात बोटाच्या मधल्या सांध्याजवळील वाढीच्या पट्टीला अति ताणाने भेग पडते. कोणताही अपघात नसताना बोटाच्या मधल्या सांध्यावर सूज व वेदना असलेला मुलगा आल्यास मुरगळ समजू नये, क्ष-किरण चित्र घ्यावे आणि चढणे थांबवावे. वेळीच थांबल्यास बोट पूर्ववत होते.

तिसरी, बंध सुटल्यावर हातास असह्य दाह, चकाकणारी सूज, रंगबदल आणि स्पर्शही न सोसणे ही लक्षणे दिसल्यास तो केवळ वातप्रकोप म्हणून हाताळीत बसू नये. अस्थितज्ज्ञ व वेदनातज्ज्ञ यांचे साहाय्य लवकर घ्यावे.

चौथी, दोर धरणाऱ्याविषयी. भग्नातून उठलेला गिर्यारोहक ‘मी चढत नाही, फक्त दुसऱ्याचा दोर धरतो’ असे म्हणून मोहिमेस जातो. वरचा मनुष्य निसटला तर त्याचा जीव या दुबळ्या मुठीत असतो. दोर धरणे हे दगड धरण्याइतकेच तिसऱ्या पायरीचे काम आहे, हे त्यास आणि त्याच्या गटप्रमुखास बजावून सांगावे.

उपजीविकेचा प्रश्न

हा सर्व क्रम कागदावर सरळ दिसतो. व्यवहारात त्याला खरा अडथळा अज्ञानाचा नसून रोजगाराचा असतो. शहरातून येणारा हौशी गिर्यारोहक एक हंगाम थांबू शकतो. आमच्या पाड्यावरचा वाटाड्या तरुण थांबला तर त्याची चूल थांबते. त्यास ‘तीन महिने थांब’ एवढेच सांगणे म्हणजे तो मोडणार असलेला सल्ला देणे होय. म्हणून काय करू नये याबरोबर या काळात काय करता येईल, तेही वैद्याने सांगावे. हात मोडलेला पण पाय धड असलेला तरुण दोराविना वाट दाखवू शकतो. पाय मोडलेला तरुण पायथ्याशी जेवणाची व्यवस्था, साहित्याची तपासणी आणि नोंदी सांभाळू शकतो. गटप्रमुखाच्या नावे वैद्याने दोन ओळींची चिठ्ठी दिली, कोणते काम द्यावे, कोणते देऊ नये आणि कोणत्या तारखेपर्यंत, तर ती तोंडी सल्ल्यापेक्षा अधिक पाळली जाते. आम्ही अशी चिठ्ठी आग्रहाने देतो. एका कागदाच्या तुकड्याने रुग्णाची मजुरी आणि मनगट ही दोन्ही वाचत असतील, तर ती चिकित्साच म्हणावी लागेल.

समारोप

भग्नरुग्णाची आपल्याकडील नोंद बंध सुटण्यापाशी संपू नये. संधानाची चार लक्षणे पाहावीत, मग मऊ गोळा, कठीण गोळा आणि दगड या तीन पायऱ्यांच्या तारखा केसपेपरवर लिहाव्यात, आणि प्रत्येक पायरीवर हात तपासूनच पुढची अनुमती द्यावी. हाड बसविणे बहुतांशी शल्यतज्ज्ञांकडे गेले आहे आणि ते योग्यच आहे. त्यानंतरचे महिने मात्र आज कोणाच्याही देखरेखीखाली नसतात. सुश्रुताचार्यांनी दगडापर्यंतचा मार्ग आखून दिला आहे. तो पुरा चालवून घेणे हे ग्रामीण भागातील वैद्याचे काम आहे, कारण रुग्णाचे घर, शेत आणि कडा ही तिन्ही त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात असतात.